स्पोर्ट बाईकवरून क्रूझरवर: रोजच्या ऑफिससाठी गाडी बदलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल पंपावर आणि रात्री-अपरात्री मोबाईलवर हेच प्रश्न मला इतक्यांदा आलेत, की एकदा बसून नीट उत्तरं लिहायची ठरवली. मी सहा वर्षं दीडशे सीसीची स्पोर्ट बाईक चालवली, आता साडेतीनशे सीसीची क्रूझर चालवते. रस्ता तोच आहे, कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. माझी उंची पाच फूट तीन इंच. हे आधीच सांगते, कारण तुमची उंची आणि तुमचा रस्ता वेगळा असेल तर काही उत्तरं तुमच्यासाठी बदलतील. कुठे बदलतील ते त्या त्या ठिकाणी लिहिलंय.

१. क्रूझर म्हणजे नेमकी कुठली गाडी? बुलेट क्रूझर आहे का?

सीट खाली, हँडल रुंद आणि अंगाकडे आलेलं, फूटरेस्ट पुढे, दोन चाकांमधलं अंतर जास्त. हे सगळं जमलं की ती क्रूझर. यामाहा आर१५ व्ही४ या स्पोर्ट बाईकची सीट जमिनीपासून ८१५ मिलिमीटरवर आहे आणि दोन चाकांतलं अंतर १३२५ मिलिमीटर. रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० मध्ये तेच आकडे ७६५ आणि १४०० होतात, बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० मध्ये ७३७ आणि १४९०. बुलेट, क्लासिक ३५०, होंडा सीबी३५० याही निवांत चालवायच्या गाड्या आहेत, पण त्यांची सीट ८०० च्या आसपास असते आणि पाय पुढे जात नाहीत. त्यांना ही उत्तरं अर्धीच लागू पडतील.

रोज वापरायची क्रूझर आपल्याकडे रुजवली ती आकुर्डीच्या बजाजने. २००१ मध्ये कावासाकीबरोबरची एलिमिनेटर आली आणि २००५ मध्ये तिच्याच वळणाची अ‍ॅव्हेंजर. आज सेकंडहँड क्रूझर शोधायला निघालात तर सगळ्यात आधी अ‍ॅव्हेंजरच समोर येईल.

२. स्पोर्ट बाईकवर मनगटं आणि मान दुखते. क्रूझर घेतली की थांबेल का?

मनगटं आणि मान, बहुतेक हो. स्पोर्ट बाईकवर शरीराचा पुढचा भार क्लिप-ऑन, म्हणजे खाली बसवलेल्या दोन तुकड्यांच्या हँडलवर येतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा छातीला थोडा आधार देतो, म्हणून तिथे ते जाणवत नाही. चांदणी चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली ताशी दहाच्या वेगाने सरकताना वारा नसतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. त्यातच सतत क्लच दाबावा लागतो. क्रूझरवर पाठ सरळ राहते आणि हातांना फक्त हँडल धरायचं काम उरतं.

आणखी एक फायदा कुणी विचारत नाही म्हणून सांगते: आरशात स्वतःच्या कोपरांऐवजी मागचा रस्ता दिसतो.

३. आणि कंबर? कुणी म्हणतं आराम मिळतो, कुणी म्हणतं कंबर जाते.

दोघंही खरं बोलतात. स्पोर्ट बाईकवर खड्डा आला की तुम्ही नकळत फूटरेस्टवर पाय रोवून सीटवरून किंचित उठता. गुडघे आणि हात मिळून धक्का झेलतात. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे असं उठता येत नाही, म्हणून धक्का सीटमधून थेट माकडहाडाला आणि तिथून कंबरेला बसतो. शिवाय बऱ्याच क्रूझरच्या मागच्या शॉकॉब्जरला खड्ड्यात दबायला अंतर कमी मिळतं.

यावर तीन गोष्टी करता येतात. एक, मागचा शॉकॉब्जर तुमच्या वजनाला जुळवून घ्या. मिटिऑरवर त्याच्या सहा पायऱ्या आहेत. एकटे जात असाल आणि वजन साठ किलो असेल, तर तो कडक ठेवण्यात अर्थ नाही. दोन, सीटवर रेलून बसू नका. पोट थोडं आत घेऊन ताठ बसा, धक्क्याला पाठीचे स्नायू कामाला येतात. तीन, खड्डा लांबून बघा आणि त्याच्या आधीच वेग कमी करा. ही तिसरी सवय लागायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत खरंच कंबर दुखली.

मणक्याचा जुना त्रास असेल, गादी सरकलेली असेल, तर गाडीचा विचार करण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे माझ्या अनुभवावर विसंबू नका.

४. ट्रॅफिकमधून गॅप काढता येते का?

कमी येते. मिटिऑरची रुंदी ८४५ मिलिमीटर आहे, आर१५ ची ७२५. हा बारा सेंटिमीटरचा फरक बस आणि रिक्षाच्या मधल्या जागेत पुरेपूर कळतो. चाकांमधलं अंतर जास्त असल्याने अडकलेल्या जागेतून गाडी वळवून बाहेर काढतानाही दोन वेळा मागेपुढे करावं लागतं.

माझ्या रस्त्यावर याचे रोज सहा-सात मिनिटं जास्त गेले. सुरुवातीला चिडचिड झाली, पण मग लक्षात आलं की पूर्वी ती मिनिटं मी बसच्या चाकाशेजारून जाऊन वाचवत होते. तुमचा रस्ता लक्ष्मी रोड किंवा दादर स्टेशनसारखा असेल, म्हणजे पूर्ण वेळ गल्ल्या आणि गर्दीच, तर क्रूझर घेऊ नका. तिथे स्कूटरच बरी.

५. वीस अश्वशक्ती आणि दोनशे किलो वजन. पिकअप मेलेला वाटणार नाही का?

ताशी साठपर्यंत नाही. आर१५ चा १४.२ न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) ७५०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो, मिटिऑरचा २७ न्यूटन-मीटर ४००० ला. म्हणून सिग्नलवरून निघताना क्रूझरला पिळावं लागत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ती बैलगाडीच्या वेगानेही न कुरकुरता चालते. दिवसभरात गिअर आणि क्लच किती कमी वापरला जातो, हे पहिल्या आठवड्यातच पायाला आणि डाव्या पंजाला कळतं.

ताशी ऐंशीच्या पुढे चित्र पालटतं. बायपासवर ट्रकला ओव्हरटेक करताना एक गिअर खाली टाकून गाडी झेपावेल ही स्पोर्ट बाईकची सवय इथे धोक्याची आहे. गाडी झेपावत नाही. समोरची मोकळी जागा पूर्वीपेक्षा दीड-दोनपट हवी. केटीएम आरसी ३९० वरून येणाऱ्यांना हे सगळ्यात जास्त जाणवेल, कारण ते ४३ अश्वशक्तीवरून येतात.

एक अपवाद आहे. अ‍ॅव्हेंजर २२० चं इंजिन पल्सरच्या कुळातलं आहे. त्याचा टॉर्क १७.५५ न्यूटन-मीटर, तोही ७००० आरपीएमला. बैठक क्रूझरची, पण इंजिन जास्त आरपीएमवर फिरवत ठेवावं लागतं.

६. ब्रेक मारण्यात काय फरक पडतो?

खूप पडतो, आणि माझ्या मते या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

स्पोर्ट बाईकवर आपण पुढच्या ब्रेकवर जगतो. गाडी आखूड, बसणारा उंच आणि पुढे झुकलेला, त्यामुळे ब्रेक दाबला की वजन झपकन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक जवळजवळ रिकामं होतं. क्रूझर लांब आणि बुटकी असते आणि बसणारा मागे असतो. वजन पुढे कमी सरकतं, म्हणून मागच्या टायरला ब्रेक मारतानाही चांगली पकड राहते. म्हणजे मागचा ब्रेक इथे खराखुरा काम करतो आणि तो वापरायला शिकावं लागतं. पुढचा ब्रेक अजूनही मुख्यच आहे, तो सोडायचा नाही. दोन्ही एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत.

आता यातली खोच. पाय पुढे असल्यामुळे घाबरल्यावर माणूस मागचा ब्रेक लाथ मारल्यासारखा दाबतो. मिटिऑरला दोन्ही चाकांवर डिस्क आणि दोन्हींवर एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. अ‍ॅव्हेंजरला एबीएस फक्त पुढच्या चाकावर, मागे ड्रम. म्हणजे ज्या गाडीवर मागचा ब्रेक जास्त वापरावासा वाटतो तिथेच तो लॉक होऊ शकतो. भारतात १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते एकाच चाकावर असलं तरी चालतं. ‘एबीएस आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, किती चाकांवर आहे ते विचारा. २०१९ च्या आधीची सेकंडहँड घेत असाल तर ते मुळात आहे का, तेही बघा.

गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी रिकाम्या मैदानात जाऊन ताशी तीस, मग चाळीस, मग पन्नासवरून वीस-वीस वेळा थांबा. हे कंटाळवाणं आहे, तरी करा. माझी कळकळीची विनंती समजा.

७. वळणं घेता येतात का? रविवारी ताम्हिणीला गेलो तर?

येतात, पण अंग झोकून नाही. स्पोर्ट बाईकवर गुडघा आणि खांदा वळणात नेला की गाडी मागोमाग येते. क्रूझरवर पाय पुढे असल्याने अंगाने गाडीला सांगता येत नाही, हँडलनेच सांगावं लागतं. डावीकडे जायचं तर हँडलची डावी बाजू हलकेच पुढे ढकला. हँडल रुंद असल्याने जोर लागत नाही.

घाटात ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की फूटरेस्ट लवकर रस्त्याला टेकतात. ‘खर्रर्र’ आवाज आला तर दचकून गाडी झटक्यात सरळ करू नका, त्याने तुम्ही समोरच्या लेनमध्ये जाल. वेग वळणाच्या आधी उतरवायचा. ताम्हिणी, वरंध, भोरचा घाट, सगळं निवांत होतं, पण घड्याळाशी शर्यत लावायची नाही.

८. उंची कमी आहे. क्रूझर सोपी जाईल ना? वजनाची भीती वाटते.

सीटवर बसल्यावर सोपी, उतरल्यावर जड. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकतात हे सुख मला पहिल्यांदा क्रूझरवरच मिळालं. सिग्नलवर, चिखलात, मागे आई बसलेली असताना त्याने जो धीर येतो तो आकड्यांत सांगता येणार नाही.

पण मिटिऑर १९१ किलोची आहे, आर१५ जेमतेम १४२ ची. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा उतार हा खरा प्रश्न आहे. उताराकडे तोंड करून गाडी कधीही लावू नका, मागे ओढून काढता येत नाही. तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा आणि गाडी गिअरमध्ये लावून साईड स्टँडवर घ्या. ढकलायची वेळ आली तर गाडी किंचित स्वतःच्या कमरेकडे झुकलेली ठेवा, पलीकडे झुकली की ती सावरता येत नाही.

९. आमच्याकडचे स्पीडब्रेकर भयानक आहेत. गाडी खाली घासेल का?

मिटिऑरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १७० मिलिमीटर आणि अ‍ॅव्हेंजरचा १६९. एकट्याने काही घासत नाही. मोठ्या क्रूझरवर मात्र विचार करा. सुपर मिटिऑर ६५० ला १३५ आणि कावासाकी व्हल्कन एसला १३० मिलिमीटरच मिळतो, आणि दोन चाकांतलं अंतर भरपूर असल्याने पोट ब्रेकरच्या टोकावर येतं. गल्लीत घरगुती सिमेंटचे उंचवटे असतील तर आधी एकदा मागे कुणाला तरी बसवून ती गाडी तिथून नेऊन बघा.

१०. गरम होते का?

स्पोर्ट बाईकवर फेअरिंग (इंजिनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) आणि रेडिएटरच्या पंख्यामुळे गरम हवा मांड्यांवर येते. साडेतीनशेच्या क्रूझर हवा आणि ऑइलवर थंड होतात, इंजिन उघडं असतं आणि पाय त्याच्यापासून लांब. एप्रिलमध्ये उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग लागते, बाकी फरक मोठा आहे. ६५० सीसीचं उत्तर वेगळं: इंजिन मोठं तेवढी उष्णताही जास्त.

११. पेट्रोलचा खर्च किती वाढेल?

दीडशे सीसीच्या स्पोर्ट बाईकवर मला शहरात ४५ चं अ‍ॅव्हरेज मिळायचं, क्रूझरवर ३३ मिळतं. रोज ४० किलोमीटर आणि महिन्याला २४ दिवस धरले तर ९६० किलोमीटर होतात. म्हणजे २१ लिटरऐवजी २९ लिटर. महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये जास्त धरून चाला. तुम्ही तीनशे-चारशे सीसीच्या स्पोर्ट बाईकवरून येत असाल तर खर्च बहुधा तेवढाच राहील किंवा कमी होईल.

१२. पावसाळ्यात कशी?

स्थिर, पण भिजवणारी. पाय पुढे असल्याने पुढच्या चाकाचं पाणी थेट बुटांवर येतं, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे पावसाळी बूट घ्याच. लांब रेनकोट नको, खाली सीट असल्याने त्याचं टोक मागच्या चाकाकडे आणि चेनकडे जातं. पँट आणि जाकीट वेगळं असलेला घ्या. ट्यूबलेस टायर आणि अलॉय चाकं असलेली गाडी निवडा. तारांच्या चाकांत बहुतेक वेळा ट्यूब असते, आणि जुलैमध्ये रात्री साडेनऊला पंक्चरवाला शोधत जड गाडी ढकलणं कुणाच्या वाट्याला येऊ नये. अ‍ॅव्हेंजर क्रूझला तारांची चाकं आहेत, हे त्यासाठी लक्षात घ्या. ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकसाठी प्रश्न ६ पुन्हा वाचा.

१३. मागे बसणाऱ्याला बरी पडते का?

फार बरी. माझी आई सहा वर्षांत स्पोर्ट बाईकवर दोनदाच बसली आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर देवापुढे दिवा लावला. आता मंडईला स्वतःहून चलते. सीट रुंद आहे, चढायला उंच नाही आणि पाठीला टेकू लावता येतो. अपवाद बॉबर प्रकाराचा. जावा ४२ बॉबरसारख्या गाड्या एकाच माणसासाठी असतात. दिसायला सुंदर आहेत, पण कुणाला सोडायचं-आणायचं असेल तर तो विचार सोडा.

लॅपटॉपची बॅग मागच्या सीटवर टेकते, खांद्यावर लोंबत नाही, हा आणखी एक फायदा. बाजूच्या बॅगा मात्र ऑफिसच्या रस्त्याला नकोत. प्रश्न ४ मधली रुंदी त्याने आणखी वाढते.

१४. सगळे म्हणतात ३५० सीसीच्या आतली घ्या. का?

करामुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांवर ४० टक्के लागू झाला. मिटिऑर ३४९ सीसीची असल्याने रेषेच्या आत आहे. हार्ले-डेव्हिडसन एक्स४४० आणि सुपर मिटिऑर ६५० रेषेच्या बाहेर आहेत.

विम्यातही तीच रेषा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीसाठी थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १,३६६ रुपये आहे आणि ३५० च्या वर २,८०४. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, म्हणून हा फरक पहिल्याच दिवशी खिशातून जातो. म्हणजे ३७३ सीसीच्या आरसी ३९० वरून ३४९ सीसीच्या क्रूझरवर आलात, तर विम्यात बचत होते. दीडशे सीसीच्या आतून आलात तर हप्ता वाढतो.

१५. मोठी क्रूझर घेतली तर सी लिंकवरून किंवा एक्सप्रेसवेवरून जाता येईल का?

नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्ग, सगळीकडे दुचाकींना बंदी आहे. इंजिन किती सीसीचं आहे याने काही फरक पडत नाही. ठाणे किंवा नवी मुंबईहून रोज जाणाऱ्यांनी ताशी शंभरने पळण्याच्या आशेवर ६५० सीसी घेऊ नये.

१६. आहे त्याच स्पोर्ट बाईकला उंच हँडल बसवलं तर? गाडीही वाचेल, पैसेही.

हा प्रश्न नेहमी येतो आणि मोहही समजतो. पण केबल आणि ब्रेकची नळी त्या लांबीची नसते. हँडल पूर्ण वळवल्यावर केबल ताणली गेली की यू-टर्न घेताना आरपीएम आपोआप वाढतो. फूटरेस्ट मागेच राहतात, त्यामुळे गुडघ्यांना काहीच फायदा नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींनुसार कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. अपघातानंतर विमा कंपनी हेच बोट दाखवेल. सायलेन्सर बदलायचा विचार असेल तर त्यालाही हेच उत्तर.

त्यापेक्षा मधला रस्ता बघा. आर१५ आवडत असेल तर तेच इंजिन उघड्या एमटी-१५ मध्ये सरळ बैठकीसह मिळतं. आरसीला तसा ड्यूक आहे. तुमचं दुखणं फक्त मनगटांचं असेल, कंबर आणि गुडघे ठीक असतील आणि गॅप काढणं गरजेचं असेल, तर क्रूझरपेक्षा हीच तुमची गाडी. अर्ध्या लोकांना मी शेवटी हेच सांगते.

१७. टेस्ट राईडला काय बघू? शोरूमवाले दोन किलोमीटरच देतात.

दोन किलोमीटरमध्ये प्रत्येक क्रूझर आवडते. शक्य असेल तर एक दिवस भाड्याने घ्या आणि तुमच्याच ऑफिसला, तुमच्याच वेळेला, तुमचीच बॅग घेऊन जा. पुण्यात अशा गाड्या भाड्याने मिळतात. संध्याकाळी घरी आल्यावर कंबर काय म्हणते ते ऐका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐका. उतरण गिअरमध्येच उतरून बघा, कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारासारख्या ठिकाणी. न्यूट्रलवर कधीच नाही.

१८. जुनी स्पोर्ट बाईक आधी विकू की नंतर?

घरात जागा असेल तर दोन-तीन महिने थांबा. पहिल्या महिन्यात क्रूझर जड आणि कंटाळवाणी वाटू शकते (प्रश्न ३ आणि ४), तेव्हा घाईने विकल्याचा पस्तावा होतो.

विकताना दोन गोष्टी चुकवू नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओमध्ये नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच असता. विकत घेणाऱ्याने उद्या कुणाला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विकली तर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा. दुसरी गोष्ट नो क्लेम बोनसची, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची. तो गाडीचा नसून तुमचा असतो, आणि ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. विकण्याआधी विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन ठेवा आणि क्रूझरचा विमा काढताना तेच दाखवा. शोरूममध्ये कुणी आपण होऊन ते मागत नाही.